राहू दिलेला तुकडा

आधी कामाची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कुणी वाचलं नाही तरी चालेल. मेंदूच्या ऑपरेशनआधी तुम्हाला कुणी विचारलं की घरात तुम्ही कोणती भाषा बोलता, तर खरं उत्तर द्या. सोयीचं देऊ नका. आम्ही सोयीचं दिलं.

मी सुगुणा. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत राहते आणि मुलींच्या एका शाळेत हिंदी शिकवते. आमचं घराणं मराठी राजवटीत इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात आम्ही आमची मराठी बोलतो, जी पुण्याच्या माणसाला अर्धी कळते आणि उरलेल्या अर्धीवर तो हसतो. ही पुस्तकी मराठी मला वडिलांमुळे आली. ते टपालाने मासिकं मागवायचे आणि मला मोठ्याने वाचायला लावायचे. ती आता हे लिहायला उपयोगी पडतेय, आणि माझ्याकडे वेळ थोडा आहे. का थोडा, ते शेवटी येईल.

वर्गात

आठवीचा वर्ग चालू होता. फळ्याकडे पाठ करून मी मुलींना धडा समजावत होते आणि बोलता बोलता तोंड थांबलं. काय म्हणायचंय ते डोक्यात लख्ख होतं. जिभेपर्यंत काही पोचेना. उजवा गाल आपोआप ओढला जात होता. मुलींना वाटलं, टीचर नक्कल करून दाखवतायत. त्या खळखळून हसल्या. मग पुढच्या बाकावरची एक हसायची थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे नक्कल करण्यासारखं काही नाही.

थोड्या वेळाने आवाज परत आला. मी म्हटलं, ऊन फार आहे. तंजावुरात उन्हाळ्यात कशालाही ऊन हे कारण चालतं. मी पाणी प्यायले आणि धडा पुरा केला.

दुसऱ्यांदा झालं ते घरी, भांडताना. माझे यजमान मुकुंदराव वीज मंडळाच्या कचेरीत आहेत. ते पुन्हा गॅस बुक करायला विसरले होते आणि मी त्यांना चांगली सुनावत होते. वाक्याच्या मधेच मी गप्प झाले. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण भांडणात मी कधी मधेच थांबलेली त्यांनी पाहिली नव्हती. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"काय झालें? सुगुणा, बोल की!"

मी हाताने थांबा म्हणाले. तो हातसुद्धा नीट उठला नाही.

तो दिवस

स्कॅन झाला आणि आम्ही डॉक्टरांसमोर बसलो. ते सगळं बोलले ते यांच्याकडे बघून. मी बाजूच्या खुर्चीवर होते, डोकं माझं होतं, पण माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. डाव्या बाजूला, पुढच्या भागात, बोलण्याच्या जागेजवळ गाठ आहे. हळू वाढणारी असावी, पण काढल्याशिवाय सांगता येणार नाही. यांनी विचारलं, "गोळ्यांनी जाईल का?" डॉक्टर नाही म्हणाले. 

मला रडू आलं नाही. मला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून मी यांचाच केला. बाहेर आल्यावर स्कूटर सापडेना. यांनी ती दुसऱ्याच रांगेत लावली होती. मी म्हटलं, "साधी स्कूटर कोठं लावली ते लक्षात नाही तुमच्या!" ते नंबर बघत पुढच्या रांगेत गेले. समोरच्या हॉटेलात आम्ही कापी, म्हणजे कॉफी, मागवली. ती आली, वर साय धरेपर्यंत आमच्यामध्ये तशीच राहिली, आणि आम्ही उठलो.

"कोणास सांगूं नको," ते म्हणाले. "आधी पाहूं काय होतें तें."

आमच्या गल्लीत कुणी शिंकलं तरी संध्याकाळपर्यंत चार घरांत काढा उकळतो. दोन दिवसांत लोक येऊ लागले. कुणी विभूती आणली, कुणी कुठल्याशा गावच्या वैद्याचा पत्ता. सगळ्या बायका माझ्याकडे अशा बघायच्या, की मी निघालेच आहे आणि त्या स्टेशनवर सोडायला आल्यात. एकीने तर विचारलं, वैदेहीचं लग्न आता लौकर उरकणार का. वैदेही माझी मुलगी. तिरुचीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. मी त्या बाईंना म्हटलं, "आधी माझं डोकं तर उरकूं द्या." त्या परत आल्या नाहीत, तेवढंच बरं झालं.

भीती मात्र कुणी नसताना यायची. तांदूळ निवडताना, केस विंचरताना. विंचरताना जास्त, कारण बोटं नेमकी त्या जागेवरून फिरायची आणि वरून काहीच लागायचं नाही.

बाहेर काय सांगायचं

सर्जन भेटले ते इथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात. माझ्या वयाचे, सावकाश बोलणारे. ते माझ्याकडे बघून बोलले, म्हणून मी त्यांना पहिल्याच दिवशी माफ करून टाकलं, पुढे काय व्हायचं ते होवो.

त्यांनी समजावून सांगितलं की ऑपरेशन मला जागं ठेवून करायचं. कवटी उघडली की मेंदू स्वतः दुखत नाही. मी बोलत राहायचं आणि ते काम करत राहणार. जिथे बारीकशी वीज लावल्यावर माझं बोलणं अडेल, ती जागा सोडायची.

"आणि गाठ किती निघाली, किती राहिली, ते कसं कळतं?" मी विचारलं.

"आत्ताचा स्कॅन हा डोकं बंद असतानाचा आहे. उघडलं की पाणी निघून जातं, मेंदू जरा खाली बसतो, सगळं थोडं थोडं सरकतं. मग जुन्या चित्रावर विसंबता येत नाही. म्हणून काम थांबवून मधूनमधून अल्ट्रासाऊंड लावायचा. त्या घडीला आत काय आहे ते पडद्यावर दिसतं." मग ते म्हणाले, "तुम्हाला माहीत असेलच ते मशीन. मुलीच्या वेळी पाहिलं असेल."

पाहिलं होतं. वैदेहीच्या वेळी त्याच करड्या पडद्यावर एक ठिपका लुकलुकताना दाखवून डॉक्टरीणबाई हसल्या होत्या. आता त्याच मशीनने माझ्या डोक्यात काय वाढतंय ते बघायचं होतं. मी हे बोलून दाखवलं नाही. यांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याही मनात तेच आलं असावं.

नंतर नित्या आली. बोलण्याच्या चाचण्या घेणारी, वैदेहीपेक्षा थोडीच मोठी मुलगी. तिने तमिळमध्ये विचारलं, "घरात कोणती भाषा बोलता?"

"तमिळ," हे म्हणाले.

मी मान डोलावली.

आम्हाला खोटं बोलायचं नव्हतं. तंजावुरातल्या आमच्या कुठल्याही माणसाला विचारा, तो बाहेर हेच सांगेल. मराठी म्हटलं की पुढे प्रश्न सुरू होतात. महाराष्ट्रातून कधी आलात? बदली होऊन का? मग तीनशे वर्षं म्हणायचं, समोरचा हसतो, रायर लोक का, म्हणतो, इकडे आम्हाला तेच म्हणतात, आणि रांगेत मागची माणसं खोळंबतात. एका शब्दात काम भागतं तर कुणाला नको असतं? तमिळ आम्हाला येते तशीच येते, जन्मापासून. बँकेत, बसमध्ये, शाळेत, दवाखान्यात आम्ही तमिळच असतो. उंबऱ्याच्या आत आलं की चपलांबरोबर ती बाहेर राहते.

नित्याने माझ्यासाठी तमिळची तयारी केली.

वॉर्डात

भरती झाल्यावरचे दिवस सगळे एकसारखे होते. पहाटे रक्त, मग ब्लडप्रेशर, मग झाडू, मग डॉक्टरांची फेरी, मग वाट बघणं. सूज उतरायला दिलेल्या गोळ्यांनी मला राक्षसासारखी भूक लागायची. चेहरा पुरीसारखा फुगला. हे घरून भात आणि सार आणायचे आणि मी डब्यातला शेवटचा दाणासुद्धा चाटून पुसून खायची. लाज सोडली की आजारपण थोडं सोपं होतं, हे मला तिथे कळलं.

नित्या रोज येऊन टॅबलेटवर चित्रं दाखवायची. नारळ, छत्री, सायकल, चमचे, पक्षी. मी तमिळमध्ये नावं सांगायची. ती म्हणायची, "सूपर, अम्मा." मला फार सोपं वाटायचं, म्हणून मी एक खेळ लावला. तमिळ नाव मोठ्याने सांगायचं आणि त्यामागोमाग मराठी नाव ओठातल्या ओठात. लहानपणापासूनची खोड आहे. आमच्यातली बरीच मुलं करतात, दोन्ही घरांना हजेरी दिल्यासारखी. नित्याला वाटायचं, मी देवाचं नाव घेतेय.

शेजारच्या खाटेवर पट्टुकोट्टैकडची एक म्हातारी होती. तिचं ऑपरेशन माझ्या आधी झालं. तिची खाट रिकामी झाली तेव्हा मी आयाला विचारलं, घरी गेल्या का? आया चादर ओढत राहिली. मी पुन्हा विचारलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वैदेही आली. तिला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र ती तमिळमध्ये देते, तिच्या पिढीतली सगळीच तशी. तिने माझी वेणी घातली, कारण उद्या डावीकडचे केस जाणार होते. घालून झाल्यावर ती माझ्या मागेच बसून राहिली. समोर यायला तयार नव्हती.

टेबलावर

डोकं तीन खिळ्यांच्या पकडीत घट्ट बसवतात. आधी सुया देतात, त्या दुखतात, आणि खोटं कशाला सांगू, चांगल्या दुखतात. मग मला झोपवलं. जागी केलं तेव्हा मी कुशीवर होते, वर निळ्या कापडाचा तंबू आणि समोर नित्याचा चेहरा. थंडी होती. घसा सुकला होता. भूलतज्ज्ञ बाई ओल्या कापसाने माझे ओठ पुसायच्या. त्यांचं नाव मला माहीत नाही. त्यांचा तो कापूस मी जन्मभर विसरणार नाही.

काम सुरू झालं. माझ्या मागे, कापडापलीकडे, सर्जन आणि त्यांची माणसं. कधी खरवडल्यासारखा आवाज, कधी पाणी ओढल्याचा. दुखत नव्हतं. आपल्या डोक्यात कुणीतरी आहे हे मात्र कळत होतं, जसं माजघरात बसून स्वयंपाकघरात कुणी भांडी हलवतंय ते कळतं.

चित्र यायचं, मी सांगायची. "कुडै." छत्री, ओठातल्या ओठात. "तेंगाय." नारळ. मधेच सर्जन म्हणायचे, "थांबा, बघू या." मग आत पाणी भरायचे, मशीन लावायचे आणि सगळे पडद्याकडे बघायचे.  "इकडचं गेलं. खाली अजून पांढरं दिसतंय." पांढरं म्हणजे गाठ. पुन्हा काम. पुन्हा चित्रं. असं बराच वेळ चाललं आणि बरं चाललं होतं. त्यांच्या आवाजावरून ते मला कळत होतं.

मग पळीचं चित्र आलं. "करंडि," मी म्हटलं. आणि मागोमाग ओठांत काहीच आलं नाही.

पळी मला दिसत होती. आमच्या घरची, दांड्याला तारेने बांधलेली. तिने मी रोज आमटी वाढते. तिला काय म्हणतात ते मात्र कुणी उचलून नेल्यासारखं झालं होतं. पुढचं चित्र आलं, ते दोन्ही भाषांत आलं. मला वाटलं, दमले असेन. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं. तमिळ आली, मराठी नाही. पुन्हा एकदा. तेव्हा काय होतंय ते मला समजलं. ते वीज लावत होते ती जागा मराठीची होती.

मागे सर्जन सांगत होते, "इथलं पांढरं स्पष्ट आहे. बोलणं व्यवस्थित चाललंय. हे काढून घेऊ."

मी बोलले नसते तर कुणाला काही कळलं नसतं. गाठ पुरी निघाली असती. हा विचार माझ्या मनात आला, आणि तो चांगला पुरता आला, मी तो उलटापालटा करून पाहिला. मग तमिळमध्येच म्हटलं, "डॉक्टर, थांबा. मराठी येत नाहीये."

"काय येत नाहीये?"

"मराठी. आम्ही घरात मराठी बोलतो."

मागचं पाणी ओढणं थांबलं. नित्याचे डोळे मास्कवर मोठे झाले. "अम्मा, तुम्ही तमिळ म्हणाला होता ना?"

तिथे मराठी येणारं कुणी नव्हतं. मी बरोबर बोलतेय की चूक, हे कोण सांगणार? शेवटी सर्जननी बाहेर यांना फोन लावायला सांगितला. नर्सने फोन माझ्या तोंडाजवळ धरला. डॉक्टरांनी यांना दोन वाक्यांत कल्पना दिली. 

नित्या त्यांना सांगायची, आता छत्री दाखवतेय. मी म्हणायची, "छत्री." हे म्हणायचे, "सरि, बरोबर." सायकल, बरोबर. कावळा, बरोबर. मग सर्जननी त्याच जागी वीज लावली आणि पुन्हा पळी आली. मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"सुगुणा?" फोनमधून आवाज आला. "सुगुणा, बोल की! पळी! पळी म्हण!"

"सर, त्यांना सांगू नका," नित्या म्हणाली.

त्यांनी सांगूनही मला म्हणता आलं नाही. "करंडि," मी म्हटलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला माझे हात मोकळे नव्हते. बाईंनी त्याच कापसाने पुसलं.

सर्जन म्हणाले, "ऐका. गाठीचा उरलेला भाग पडद्यावर नीट दिसतोय. तमिळ सुरक्षित आहे. मी तो काढू शकतो. पण मराठी जाईल. काही महिन्यांनी परत येईल, किंवा येणारही नाही. ठेवला तर तो वाढू शकतो. हे तुम्हाला खुर्चीवर बसवून विचारायला हवं होतं. आता असं विचारतोय. काय करू?"

मी काही म्हणायच्या आत फोनमधून हे ओरडले, तमिळमध्ये, "काढा, डॉक्टर! काढून टाका! तमिळ पुरे!"

"वेंडाम," मी म्हटलं. नको. "राहू द्या."

आणि तो तुकडा त्यांनी राहू दिला.

का म्हणून

मला पुष्कळांनी विचारलं, तेव्हा असं का म्हणालीस? पूर्वजांचा अभिमान वगैरे काही नव्हता. टेबलावर माझ्या डोळ्यांसमोर कुठले राजे आले नाहीत. मला आमचं स्वयंपाकघर दिसलं आणि हे दिसले. घरात या माणसाशी मी एक शब्दही कधी तमिळमध्ये बोलले नाही. त्यांच्याशी भांडले मराठीत, रुसवा मराठीत, वैदेही पोटात आहे हे सांगितलं तेही मराठीत. त्यांच्याशी मी बस कंडक्टरशी बोलते तसं बोलायचं, हे माझ्याच्याने सहन झालं नाही. एवढंच होतं. ज्याच्यासाठी मी ते म्हटलं तोच माणूस फोनवर "तमिळ पुरे" म्हणून ओरडत होता, हेही खरं.

घरी

अतिदक्षता विभागात हे आत आले तेव्हा मी म्हटलं, "डोकं फार दुखतंय." मराठीत. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि तसेच बाहेर गेले.

भांडण घरी आल्यावर झालं. टाके अजून निघायचे होते.

"कशास बोललीस तू?" ते म्हणाले. "उगी राहायचें होतेंस. सगळें निघून गेलें असतें."

"आणि तुमच्याशी काय बोलले असते?"

"तमिळ! अवघा गाव बोलतो तें."

"मग त्या मुलीने विचारलं तेव्हा तुम्ही नीट का सांगितलं नाहीत?"

हे मी म्हणायला नको होतं, असं नाही म्हणणार. मला म्हणायचंच होतं. ते उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. त्यानंतर बरेच दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं. ते माझं अंघोळीचं पाणी तापवायचे, गोळ्या काढून हातावर ठेवायचे, जखमेला पाणी लागू नये म्हणून टॉवेल गुंडाळायचे, सगळं मुकाट्याने. जी भाषा राखायला मी डोक्यात गाठ ठेवून आले होते, ती घरात कुणी बोलत नव्हतं. मी न्हाणीघरात दार लावून रडायची.

वैदेहीने तर सरळ विचारलं, "अम्मा, मला जी बोलता येत नाही, त्या भाषेसाठी तू आजारी राहिलीस?" आणि विचारून झाल्यावर तीच हुंदके देऊन रडली.  मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि तिचे केस इतके दाट लागले की मला तिचा क्षणभर हेवा वाटला.

मग रेडिएशन झालं. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा चढवून टेबलाला खिळतात. थकवा असा यायचा की तोंडातला घास चावायचाही कंटाळा. सगळ्याला लोखंडाची चव. तिथे रोज भेटणाऱ्या बायका एकमेकींना नावाने ओळखत नव्हत्या, फक्त कुणाचं काय आहे ते माहीत होतं. एक दिवस एकीने माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली. अशा वेळी तेवढंही पुष्कळ असतं.

रेडिएशन संपलं त्या दिवशी परतताना हे स्कूटरवर मान न वळवता म्हणाले, "मज भय वाटलें होतें. म्हणून ओरडलों." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वडवार नदीचा पूल येईपर्यंत तसाच ठेवला.

पुन्हा

गेल्या महिन्यात स्कॅन झाला. राहिलेला तुकडा वाढलाय. सर्जननी पडदा माझ्याकडे वळवून दाखवलं. आता थांबणं शहाणपणाचं नाही, असं ते म्हणाले. "पुन्हा उघडावं लागेल. या वेळीही अल्ट्रासाऊंड लावत लावत, दिसेल तेवढं सगळं काढायचं. तमिळ राहावी. मराठीचं वचन देत नाही."

या वेळी आम्ही खुर्च्यांवर बसलो होतो, मी, हे आणि डॉक्टर, तिघंही.

आश्चर्य म्हणजे हे म्हणाले, "थोडे थांबूं या की, सुगुणा." डॉक्टरांच्या समोर, मराठीत. बाहेरच्या माणसासमोर, कुणी भाग न पाडता, ते माझ्याशी मराठीत बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले.

मी डॉक्टरांना म्हटलं, "काढा."

मला जगायचंय. तेव्हाही जगायचं होतं, पण तेव्हा मला वाटलं होतं की दोन्ही मिळेल. आता तसं वाटत नाही. वैदेहीला पदवी घेताना मला बघायचंय. ती तमिळमध्ये काय ते बोलेल आणि मला ते ऐकायचंय.

नित्या पुन्हा आली. तिने या वेळी मराठी नावांची चित्रंही करून घेतली. हे तिच्या शेजारी बसून एकेक नाव म्हणून दाखवत होते आणि ती आपल्या तमिळ उच्चारात ते घोकत होती. मी तिला विचारलं, मराठी वाचवायची नाही तर याचा काय उपयोग? ती खाली बघून म्हणाली, "किती गेलं ते कळायला, अम्मा."

म्हणून मी हे घाईने लिहिलं. जे लिहायचं ते आत्ताच लिहायला हवं, आणि ज्यांना असं काही झालंय त्यांच्या हाती लागावं. नंतर हेच पान माझ्यासमोर ठेवलं तर मला वाचता येईल की नाही, कुणी सांगू शकत नाही.

आठवडा झाला, हे घरात माझ्याशी तमिळ बोलायला लागलेत. पहिल्या दिवशी पान वाढून त्यांनी तमिळमध्ये विचारलं, भात आणखी हवा का? बायकोशी तमिळ कशी बोलायची हे त्यांना ठाऊक नाही, त्यामुळे ते कचेरीत बिल भरायला आलेल्या बाईंशी बोलतात तसे बोलतात, अदबीने, जरा लांबून. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते पानाकडे बघत म्हणाले, "सवय होऊं दे." ते एवढं मराठीत म्हणाले आणि मग पुन्हा तमिळ सुरू केली. सकाळी, दुपारी, दिवे लावताना, त्यांनी एकदाही मोडलं नाही. माझ्यासाठी करतायत हे मला कळतं, आणि ऐकताना जीव तुटतो.

ऑपरेशन सोमवारी आहे. ते तमिळमध्ये विचारतात आणि मी मराठीत उत्तर देते. सोमवारपर्यंत देणार आहे.